विश्लेषण : चीन, फ्रान्स, इराकच्या युद्धांत गेलेला राजपूत घोडेस्वार, तरी ‘खरा’ अधिकारी व्हायला १९१७ का उजाडले?

३ सप्टेंबर १८९८ रोजी जोधपूरमध्ये वीस वर्षांच्या एका राजपूत तरुणाने डायरी लिहायला सुरुवात केली. १ नोव्हेंबर १९४२ रोजी, म्हणजे मृत्यूच्या दिवशीही, त्याने शेवटची नोंद केली. मधल्या ४४ वर्षांत डायरीचे ८९ खंड झाले. प्रत्येक खंड सरासरी ८०० पानांचा धरला, तर एकूण पाने सत्तर हजारांच्या पुढे जातात. दिवसाला साधारण साडेचार पाने! लिहिणारा लेखक नव्हता, प्राध्यापक नव्हता. तो घोडदळातला माणूस होता. नाव अमरसिंह, गाव कानोता, संस्थान जयपूर.

ब्रिटिशांच्या काळात लाखो भारतीय लष्करात होते, हे सगळ्यांना माहीत असते. पण या लष्करात भारतीय माणूस किती वर चढू शकत होता? आणि ती मर्यादा कोणी, कशी ठरवली होती? अमरसिंह यांच्या नोकरीचा आलेख पाहिला की या प्रश्नांची उत्तरे मिळतात.

अमरसिंह कोण होते?

त्यांचा जन्म १८७८ चा. जयपूरजवळचे कानोता हे त्यांच्या घराण्याचे ठिकाण. वयाच्या दहाव्या वर्षी, १८८८ मध्ये, त्यांना जोधपूरला पाठवण्यात आले. तिथे त्यांची जबाबदारी सर प्रताप सिंह यांच्याकडे होती. जोधपूरच्या राजघराण्यातले सर प्रताप हे त्या काळातले बडे प्रस्थ. संस्थानचा कारभार, घोडदळ आणि पोलो या तिन्हींवर त्यांची पकड होती. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी ते इंग्लंडला गेले आणि मांडीवर सैल, पोटरीला घट्ट बसणारी जोधपुरी ब्रीचेस तिकडे लोकप्रिय झाली, असे सांगितले जाते.

अमरसिंह यांचे शिक्षण जोधपूरच्या पॉवलेट नोबल्स स्कूलमध्ये झाले. घोड्यावरची मांड, भालाफेक, डुकराची शिकार, पोलो हे सगळे सर प्रतापांच्या तालमीत आले. वाचनाची गोडी मात्र रामनाथजी या शिक्षकांनी लावली. अमरसिंह डायरी इंग्रजीत लिहीत आणि रामनाथजी ती वाचून शेरे मारत. पुढे वाचनाची ही सवय आयुष्यभर टिकली. वर्षभरात किती पुस्तके वाचली, याची यादीही ते डायरीत देत.

संस्थानी रिसाला म्हणजे काय?

अमरसिंह यांची लष्करी सुरुवात ब्रिटिश भारतीय लष्करात झाली नाही. ती जोधपूरच्या ‘सरदार रिसाल्या’त झाली. इंग्रजीत त्याचे नाव जोधपूर लान्सर्स.

१८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘इम्पिरियल सर्व्हिस ट्रूप्स’ ही योजना सुरू केली. संस्थानांनी आपल्या खर्चाने पलटणी आणि रिसाले उभे करायचे, त्यांचे प्रशिक्षण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली करायचे आणि साम्राज्याला गरज पडली की ते युद्धावर पाठवायचे, अशी ही व्यवस्था. या रिसाल्यांत हुकूम देणारे अधिकारी भारतीय असत. ब्रिटिश अधिकारी तपासणी आणि सल्ल्यासाठी असत. म्हणजे भारतीय माणूस स्क्वॉड्रनचे नेतृत्व करू शकतो, हे संस्थानांत रोज दिसत होते.

ब्रिटिश भारतीय लष्करातील घोडदळाची घडी वेगळी होती. तिथे बहुतेक रेजिमेंटमध्ये ‘सिलाहदार’ पद्धत चाले. हा शब्द मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. तो आपला शिलेदार! मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. ब्रिटिशांनी हीच कल्पना उचलली. स्वाराने भरती होताना घोडा आणायचा किंवा त्याची रक्कम भरायची. या रकमेला आणि जागेला ‘असामी’ म्हणत. त्या बदल्यात पगार थोडा जास्त मिळे. त्यामुळे घोडदळात जमीनजुमला असलेल्या घरांतली मुले जास्त येत. मात्र ही मुलेही ठरावीक पदापुढे जाऊ शकत नव्हती.

रिसालदार मोठा की नवा गोरा लेफ्टनंट?

ब्रिटिश भारतीय लष्करात अधिकाऱ्यांचे दोन वेगळे वर्ग होते. पहिला वर्ग ‘किंग्ज कमिशन’वाल्यांचा. इंग्लंडच्या राजाच्या नावाने हे कमिशन मिळे. सेकंड लेफ्टनंटपासून जनरलपर्यंतची सगळी पदे या वर्गाची. त्यासाठीचा मुख्य रस्ता इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून जाई आणि तो भारतीयांसाठी बंद होता.

दुसरा वर्ग व्हाइसरॉयच्या कमिशनवाल्यांचा. घोडदळात जमादार, रिसालदार आणि रिसालदार-मेजर ही त्यातली पदे. साधा स्वार म्हणून लागलेला माणूस अनेक वर्षांच्या नोकरीनंतर इथपर्यंत पोहोचे. रिसालदार-मेजर म्हणजे रेजिमेंटमधला सर्वात ज्येष्ठ भारतीय. पण हुकुमाच्या साखळीत तो काल-परवा सँडहर्स्टहून आलेल्या विशीतल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्याही खाली. पंचवीस वर्षे नोकरी, अंगावर पदके, सगळी रेजिमेंट मान देते. तरीही अंतिम हुकूम त्या पोराचा.

यामागचे कारण साधे होते. १८५७ नंतर ब्रिटिशांनी लष्कराची फेरमांडणी केली. तोफखाना जवळपास पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती ठेवला. भारतीय अधिकारी वर आले तर एक दिवस गोऱ्या शिपायाला भारतीयाचा हुकूम पाळावा लागेल, ही कल्पनाच सत्तेला मान्य नव्हती. १८८० च्या दशकात जनरल जॉर्ज चेस्नी यांनी भारतीयांसाठी लष्करी महाविद्यालयाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या वजनदार सेनानींनी विरोध केला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने लष्करातील वरची पदे भारतीयांना खुली करण्याची मागणी केली. तीही कागदावरच राहिली.

चीनमध्ये काय दिसले?

१९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला. परकीय सत्तांच्या संयुक्त फौजा तिथे उतरल्या. ब्रिटिशांनी पाठवलेल्या सैन्यात जोधपूरचा सरदार रिसालाही होता. सर प्रताप सिंह स्वतः गेले आणि त्यांच्याबरोबर २२ वर्षांचे अमरसिंह.

समुद्र ओलांडून परक्या देशात लढायला जाण्याची ही त्यांची पहिली वेळ. शिवाय ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर रात्रंदिवस राहण्याचीही. मोहिमेतल्या डायरीत थंडी, घोड्यांची निगा, छावणीतले वाद असे सगळे येते. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्टपणे येते. भारतीयांना माणूस म्हणून खालच्या पायरीवरचे मानले जाते, हे त्यांना जवळून दिसले. पोलोच्या मैदानावर बरोबरीने खेळणारा गोरा अधिकारी मोहिमेवर गेल्यावर बरोबरीने वागेलच असे नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला. १९०१ मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले.

इम्पिरियल कॅडेट कोअर कशासाठी काढली?

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे पेच होता. संस्थानिक आणि सरदार घराण्यांतले तरुण साम्राज्याचे निष्ठावान मानले जात. लष्करात मानाची जागा हवी, ही त्यांची अपेक्षा होती. सँडहर्स्टचा दरवाजा तर उघडायचा नव्हता. मग १९०२ मध्ये मीरत आणि डेहराडून इथे ‘इम्पिरियल कॅडेट कोअर’ सुरू झाली. फक्त राजघराणी आणि सरदार घराण्यांतल्या मुलांसाठी. पहिल्या तुकडीत साधारण वीस जण होते. अमरसिंह त्यातले एक.

१९०३ च्या दिल्ली दरबारात पांढऱ्या पोशाखातले हे कॅडेट काळ्या घोड्यांवरून व्हाइसरॉयच्या मिरवणुकीत दौडले. दृश्य देखणे होते. मात्र शिक्षण संपल्यावर या तरुणांना नेमके कोणते पद मिळणार, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते. बऱ्याच जणांनी अर्ध्यातून काढता पाय घेतला. अमरसिंह यांनी मात्र अभ्यासक्रम पूर्ण केला.

१९०५ मध्ये पद मिळाले, मग अडचण काय होती?

जुलै १९०५ मध्ये अमरसिंह यांच्यासह मोजक्या कॅडेटांना कमिशन मिळाले. कागदावर पाहिले तर हे मोठे पाऊल होते. कमिशन राजाच्या नावाचे होते, पण ते नियमित लष्करातले नव्हते. त्यासाठी ‘नेटिव्ह इंडियन लँड फोर्सेस’ नावाचा वेगळाच कप्पा तयार करण्यात आला होता.

या कप्प्यातल्या अधिकाऱ्याचा अधिकार फक्त भारतीय सैनिकांपुरता. गोऱ्या शिपायावर त्याचा हुकूम चालत नव्हता. रेजिमेंटमध्ये नेमले तर कधी ना कधी एखादा गोरा अधिकारी त्याच्या हाताखाली येणार, म्हणून त्याला रेजिमेंटच द्यायची नाही. त्याची नेमणूक एखाद्या जनरलच्या मुख्यालयात, एडीसी किंवा तत्सम जागेवर.

थोडक्यात, पद होते, गणवेश होता, पगार होता. हाताखाली सैन्य नव्हते. घोडदळातल्या माणसाला स्क्वॉड्रनच नसेल तर तो नेतृत्व कशाचे करणार? सरदार रिसाल्यात भारतीय अधिकारी जे काम रोज करत होते, ते ब्रिटिश लष्करात २७ वर्षांच्या प्रशिक्षित अमरसिंह यांना करता येत नव्हते.

महूची छावणी आणि जन्मावर ठरणारी जागा

अमरसिंह यांची नेमणूक महू इथे, जनरल ओमूर क्रे यांच्या एडीसीपदी झाली. क्रे हे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी आणि १९०९ पासून भारताचे सरसेनापती. १९१४ पर्यंतचा बराच काळ अमरसिंह यांनी महूत काढला. कवायतींचे नियोजन, पाहुण्यांची व्यवस्था, तपासणी दौरे, मेसमधली जेवणे आणि पोलो असा दिनक्रम. जनरलच्या शेजारी बसल्याने लष्कराचे आतले काम त्यांना बारकाईने पाहायला मिळाले.

महू म्हटले की महाराष्ट्राला दुसरी गोष्ट आधी आठवते. १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. बाबासाहेब लहान असतानाच ब्रिटिशांनी ‘लढाऊ जमाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती थांबवली. पिढ्यानपिढ्या कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या पलटणीत लढलेल्या समाजाला एका फटक्यात ‘लढाऊ नाही’ असे ठरवण्यात आले. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. ती वाट पहिल्या महायुद्धात सैनिकांची टंचाई पडली तेव्हा काही काळ उघडली.

अमरसिंह आणि रामजी सुभेदार यांच्या सामाजिक स्थानात जमीन-अस्मानाचे अंतर होते. अमरसिंह तर ब्रिटिशांच्या लेखी ‘लढाऊ’ मानल्या गेलेल्या राजपूत समाजातले, वर सरदार घराण्यातले. पण नियम लावण्याची पद्धत एकच होती. कोण शिपाई होणार, कोण होणार नाही, कोण सुभेदाराच्या पुढे जाणार, कोण नाही, हे सगळे जन्मावरून ठरत होते. एका समाजाला दरवाजातच अडवले गेले आणि दुसऱ्याला जिन्यावर.

फ्रान्सच्या खंदकांत घोडेस्वार काय करत होता?

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. काही आठवड्यांतच भारतीय लष्कराच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्सकडे निघाल्या. अमरसिंह लाहोर डिव्हिजनच्या सिरहिंद ब्रिगेडच्या मुख्यालयात होते. डिसेंबर १९१४ मध्ये गिव्हेंची इथे या ब्रिगेडच्या खंदकांखाली जर्मनांनी सुरुंग उडवले आणि मोठी हानी झाली. उष्ण प्रदेशातून आलेले जवान चिखल, बर्फ आणि तोफांच्या माऱ्यात उभे होते.

हे युद्ध घोडदळाचे नव्हतेच. काटेरी तारा आणि मशीनगन यांनी घोड्याची दौड जवळपास निरुपयोगी केली होती. भारतीय घोडदळाच्या दोन डिव्हिजन फ्रान्समध्ये होत्या. पण अनेकदा स्वारांना घोडे मागे ठेवून पायदळाप्रमाणे खंदकात उतरावे लागे. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सने हाय वुडजवळ भाले घेऊन चढाई केली, असे प्रसंग विरळाच.

या काळातली अमरसिंह यांची डायरी आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. फ्रान्सहून भारतीय सैनिक घरी जी पत्रे पाठवत, ती सेन्सॉरच्या नजरेखालून जात. आपले पत्र कोणीतरी वाचणार हे लिहिणाऱ्यांना माहीत असे. डायरीला हा सेन्सॉर नव्हता. आघाडीवरच्या मुख्यालयात बसलेला एक भारतीय अधिकारी, गोऱ्या वरिष्ठांच्या शेजारी राहून, स्वतःसाठी लिहीत होता.

१९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, नेण्यात आले. अमरसिंहही त्या आघाडीवर गेले. चीन, फ्रान्स आणि मेसोपोटेमिया अशी तीन युद्धे पाहून झाली होती. हाताखाली रेजिमेंट मात्र अजूनही नव्हती.

ऑगस्ट १९१७ मध्ये काय बदलले?

युद्ध लांबले, माणसे संपत चालली आणि भारताकडून मदतीची गरज वाढली. महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशांतील आघाड्यांवर गेले आणि सुमारे ७४ हजार जणांना प्राण गमवावे लागले. इतके रक्त सांडल्यावर ‘भारतीय अधिकारी होऊ शकत नाही’ हे म्हणणे कठीण होत गेले.

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वेळी लष्करातील किंग्ज कमिशनसाठीची भारतीयांवरची बंदी उठवल्याचेही सांगण्यात आले आणि नऊ भारतीयांना हे कमिशन देण्यात आले. वैद्यकीय सेवेत भारतीय डॉक्टरांना अशी कमिशन पूर्वीपासून मिळत होती. भारतीय लष्कराच्या लढाऊ शाखेचा दरवाजा मात्र आता उघडला.

या नऊ जणांत अमरसिंह होते. त्यांच्याबरोबर १९०५ मध्ये कमिशन मिळालेले भावनगरचे जोरावरसिंह होते. यादीत एक मराठी नावही होते, बाळासाहेब डफळे यांचे.

१९१८ पासून सँडहर्स्टमध्ये दरवर्षी दहा जागा भारतीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या. इंदूरच्या डेली कॉलेजमध्ये कॅडेटांची एक तुकडी तयार करण्यात आली. त्यातूनच के. एम. करिअप्पा पुढे आले. १५ जानेवारी १९४९ रोजी ते भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झाले आणि हा दिवस आपण ‘आर्मी डे’ म्हणून पाळतो.

रेजिमेंट मिळाली, तरी ते लष्कर सोडून का आले?

किंग्ज कमिशन मिळाले तेव्हा अमरसिंह ३९ वर्षांचे होते. सँडहर्स्टहून येणारा ब्रिटिश तरुण विसाव्या वर्षाच्या आसपास रेजिमेंटमध्ये रुजू होई. स्क्वॉड्रन सांभाळणे, जवानांची नावे-गावे पाठ असणे, मेसमधले संबंध हे सगळे त्याच्या अंगात वयाच्या तिशीपर्यंत मुरलेले असे. अमरसिंह यांची नेमकी ती वर्षे मुख्यालयांत गेली होती.

त्यांना १६ वी कॅव्हलरी ही रेजिमेंट मिळाली. वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानच्या मोहिमेच्या काळात, १९२०-२१ मध्ये, काही काळ रेजिमेंटचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. ज्या लष्कराने बारा वर्षे त्यांना एक तुकडीही दिली नव्हती, त्याच लष्कराच्या घोडदळ रेजिमेंटचा हुकूम थोड्या काळासाठी का होईना, भारतीयाच्या तोंडून निघत होता.

पण पुढचा रस्ता अरुंद होता. युद्धानंतर लष्कराची कपात झाली. घोडदळाच्या ३९ रेजिमेंटच्या एकत्रीकरणातून २१ राहिल्या आणि सिलाहदार पद्धतही संपली. १६ वी कॅव्हलरी दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन होऊन ‘सिक्स्थ लान्सर्स’ झाली. फाळणीनंतर ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली. (भारतीय लष्करातील आजची १६ लाइट कॅव्हलरी ही वेगळी रेजिमेंट आहे.) कमी जागा, जास्त अधिकारी आणि उशिरा सुरू झालेली नोकरी, अशी अमरसिंह यांची कोंडी होती. त्यांनी भारतीय लष्कर सोडले.

१९२३ मध्ये ब्रिटिशांनी ‘आठ युनिट’ योजना आणली. भारतीय अधिकाऱ्यांना फक्त ठरावीक आठ युनिटमध्ये नेमायचे, म्हणजे इतर ठिकाणी गोऱ्या अधिकाऱ्यांवर त्यांचा हुकूम चालण्याचा प्रश्नच येणार नाही. दरवाजा उघडला होता, पण आत गेल्यावर वेगळी खोली दाखवण्यात आली. १९०५ चा कप्पाच नव्या रूपात परत आला होता. यावर टीका होत राहिली. मोतीलाल नेहरू आणि महंमद अली जिना ज्या स्कीन समितीचे सदस्य होते, तिने भारतीयांना अधिक जागा आणि भारतातच ‘सँडहर्स्ट’ची शिफारस केली. ऑक्टोबर १९३२ मध्ये डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली.

जयपूरला काय केले?

अमरसिंह जयपूर संस्थानच्या सेवेत आले आणि त्यांनी जयपूर लान्सर्स हे घोडदळ उभारले. इथे त्यांना कोणी अडवणारे नव्हते. माणसे निवडणे, घोडे घेणे, कवायत बसवणे हे सारे त्यांच्या हातात होते. पुढे ते संस्थानच्या फौजांचे प्रमुख झाले आणि १९३६ मध्ये मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले.

त्यांच्या जुन्या जोधपूर लान्सर्सने दरम्यान इतिहास घडवला होता. २३ सप्टेंबर १९१८ रोजी या रिसाल्याने, म्हैसूर लान्सर्सच्या साथीने, तोफा आणि मशीनगनसमोर घोडे घालून हैफा शहर जिंकले. त्यात मेजर दलपतसिंह यांना वीरमरण आले. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारक संस्थानी घोडदळाच्या याच कामगिरीची आठवण आहे. २०१८ मध्ये तिथल्या चौकाला हैफाचे नाव जोडण्यात आले. स्वातंत्र्यानंतर जोधपूर, म्हैसूर, ग्वाल्हेर आदी संस्थानांच्या घोडदळांतून भारतीय लष्कराची ६१ कॅव्हलरी तयार झाली. घोड्यांवरची ही रेजिमेंट जयपूरलाच आहे.

डायरी जगासमोर कशी आली?

अमरसिंह यांच्या हयातीत डायरी छापली गेली नाही. ८९ खंड कानोत्याच्या वाड्यात राहिले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ लॉइड आणि सुझन रुडॉल्फ यांना, अमरसिंह यांचे पुतणे मोहनसिंह यांच्यामुळे, ही डायरी पाहायला मिळाली. पुढची अनेक वर्षे त्यावर काम करून तिघांनी निवडक भागाचे ‘रिव्हर्सिंग द गेझ’ हे पुस्तक तयार केले. डेविट एलिनवूड या इतिहासकाराने त्यांच्या १९०५ ते १९२१ या लष्करी काळावर ‘बिटवीन टू वर्ल्ड्स’ हे वेगळे पुस्तक लिहिले.

डायरीत फक्त युद्ध नाही. मोठ्या एकत्र कुटुंबातले ताण, पडद्याआडचे स्त्रियांचे आयुष्य, लग्न होऊनही घरच्या मोठ्यांसमोर बायकोशी न बोलता येणे, दरबारातली कारस्थाने हे सगळे आहे. ब्रिटिश भारतीयांबद्दल काय लिहीत, याचे ढीग आपल्याकडे आहेत. इथे एक भारतीय ब्रिटिशांना पाहतो आहे आणि लिहितो आहे.

अमरसिंह यांना क्रांतिकारक म्हणता येणार नाही. ते सरदार घराण्यातले होते आणि साम्राज्याच्या चाकरीत त्यांनी उमेद घालवली. अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात आदर होता. शिकार, पोलो, मानमरातब त्यांना आवडत. म्हणूनच त्यांची साक्ष वजनदार ठरते. व्यवस्थेवर नाराज असलेल्याने ‘अन्याय होतो’ म्हटले तर सत्ता दुर्लक्ष करू शकते. इथे व्यवस्थेचा सर्वात विश्वासू माणूस रोज रात्री तेच नोंदवत होता.

मग आज हे वाचायचे कशासाठी?

भारतीयांमध्ये नेतृत्वगुण नाहीत, म्हणून त्यांना अधिकारी करता येत नाही, असे ब्रिटिश दशकानुदशके सांगत राहिले. अमरसिंह यांचा आलेख या दाव्याला साध्या हिशेबाने खोडतो. १९०५ ला प्रशिक्षण पूर्ण. १९१७ पर्यंत रेजिमेंट नाही. ती मिळाल्यावर तीन-चार वर्षांत सरहद्दीवर रेजिमेंटचे नेतृत्व. मधल्या बारा वर्षांत त्यांच्या अंगात नवे काही आले नव्हते. तेच अमरसिंह होते; बदलला होता तो सरकारी नियम.

संधी न देता ‘पात्रता नाही’ म्हणायचे आणि पात्रता नाही म्हणून संधी नाकारायची, हे चक्र फक्त लष्करापुरते किंवा त्या काळापुरते नाही. ते भेदणाऱ्या पहिल्या माणसाच्या वाट्याला सहसा पूर्ण यश येत नाही. त्याची उमेदीची वर्षे दार ठोठावण्यात जातात आणि आत शिरून बसतो तो पुढच्या पिढीतला कोणीतरी. करिअप्पांचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे. अमरसिंह यांचे नाव कानोत्याबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. त्यांनी मागे ठेवलेली सत्तर हजार पाने मात्र आहेत. दार बंद होते तेव्हा बाहेर उभा असलेला माणूस नेमका काय पाहत होता, हे त्यात तारीखवार वाचता येते.